चार पिसांची शेपटी

जास्वंदीच्या फुलाशी झोंबणारा इवलासा चमकदार पक्षी दाखवून ‘सर, हमिंगबर्ड!’ असे मुले हमखास सांगतात. तो असतो आपला शिंजीर. हमिंगबर्ड भारतात आढळत नाहीत. ते फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत राहतात. त्यांतल्याच एका डोंगरी जातीची ही हकिकत आहे.

१८३५ साली अँड्र्यू मॅथ्यूज हा इंग्रज वनस्पतिसंग्राहक पेरू देशाच्या उत्तर भागात, अँडीज पर्वतातील चाचापोयास गावाच्या परिसरात हिंडत होता. तेथे त्याला या जातीचा एक नर मिळाला. लंडनजवळ मोठी रोपवाटिका चालवणारे जॉर्ज लॉडिजीस हमिंगबर्डचे नमुने जमवीत. हा नमुनाही त्यांच्या संग्रहात गेला. १८४७ साली बूर्सिए या फ्रेंच पक्षितज्ज्ञांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ‘मिराबिलिस’, म्हणजे आश्चर्यकारक, असे नाव दिले. पुढे प्रजातीला लॉडिजीस यांचे नाव मिळून ‘लॉडिजेशिया मिराबिलिस’ हे पूर्ण नाव रूढ झाले.

आश्चर्य होते ते शेपटीचे. हमिंगबर्डच्या शेपटीत सहसा दहा पिसे असतात. येथे होती अवघी चार. त्यांपैकी दोन तारेसारखी बारीक व लांबलचक, एकमेकांना छेदून जाणारी, आणि प्रत्येकाच्या टोकाला जांभळट निळी चकती. शिवाय डोक्यावर निळा-जांभळा तुरा, गळ्यावर निळसर हिरवी झळाळी आणि पांढुरक्या पोटावर काळी रेघ. एवढा सगळा थाट, पण शेपटीसकट लांबी जेमतेम १५ सेंटिमीटर!

त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांजवळ हा एकच पेंढा भरलेला नमुना होता. त्यावरून पिसे मोजता येत होती, रंग टिपता येत होते. पण अशी शेपटी घेऊन हा पक्षी उडतो कसा, तिचा उपयोग काय, हे मेलेला पक्षी सांगणार कसे? १८८०च्या सुमारास यान श्टोल्त्समान हे पोलिश निसर्गसंशोधक त्याच परिसरात पोचले आणि त्यांनी हा पक्षी जिवंत पाहिला. १८८१ साली त्यांनी वॉर्साच्या ताचानोव्स्कींसह आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. मादीपुढे हवेत तरंगत नर त्या दोन चकत्या फिरवतो, हे आज आपण जाणतो. संग्रहातले नवल डोंगरात प्रियाराधनाचे साधन ठरले.

त्याचे घर मात्र फार लहान आहे. उत्कुबाम्बा नदीचे खोरे आणि लगतचे डोंगर, सुमारे २,१०० ते २,९०० मीटर उंचीवर. जंगलाच्या कडेची काटेरी, गचपणाची झुडपे. त्यांत बोमारियाची लाल फुले. शेतीसाठी आणि गुरांसाठी हीच झाडी तोडली जाते. माणसाच्या नजरेला ते नुसते रान. या पक्ष्याला मात्र दुसरीकडे जागा नाही. म्हणूनच २००६ साली पोमाकोचासचे ग्रामस्थ आणि ‘इकोआन’ ही पेरूमधील संस्था यांनी झाडी राखण्याचा करार केला.

तेव्हा मुलांनी शिंजीर दाखवला, तर नाव दुरुस्त करून थांबू नका. तो कोणत्या फुलांवर येतो, घरटे कुठे बांधतो, ते झुडूप उद्या तोडले तर तो कुठे जाईल, हे त्यांना विचारा. उत्तरे पुस्तकात शोधायला लावू नका. महिनाभर त्या झुडपाजवळ जाऊन वहीत नोंदी करू द्या.