म्हशीचे दूध कोणाच्या खात्यावर?

पशुपैदाशीच्या क्षेत्रात सध्या एक मत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. त्याचे खंडन करण्याआधी ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

म्हैस सुधारण्यातली खरी अडचण वेळेची होती, असे हा पूर्वपक्ष सांगतो. रेडा चांगला की सामान्य, हे त्याच्या मुलींच्या दुधावरून ठरायचे. रेडा वयात यायला सुमारे तीन वर्षे, मग दहा महिन्यांचा गाभणकाळ, जन्मलेली रेडी पहिल्यांदा व्यायला साडेतीन-चार वर्षे आणि त्यानंतर तिचे एक वेत. आठ-नऊ वर्षे सहज जातात, तोवर रेडा म्हातारा होतो. आता रेडकाचे रक्त किंवा केस जनुकीय चिपवर तपासले, की त्याची आनुवंशिक योग्यता जन्मतःच कळते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममधल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप आली. म्हणजे अवघड काम पार पडले. उरला गळ्यातला पट्टा, म्हणजे माज, आजार आणि रवंथ यांची खबर दुरून देणारे यंत्र. ते बाजारात तयार मिळते.

याच्या पुष्टीसाठी अमेरिकेतल्या होल्स्टीन गाईंचा दाखला देतात. दाखला खरा आहे. २००९ मध्ये तिथे जनुकीय मूल्यांकन अधिकृत झाले आणि वळूंच्या बापांचे पिढीअंतर सुमारे सात वर्षांवरून अडीच वर्षांच्या खाली आले. पण त्यातून काढलेले अनुमान खोटे आहे.

या पद्धतीचा पाया मोएविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये घातला. त्यांची कल्पना अशी, की जनुकसंचावर पसरलेल्या हजारो खुणांपैकी प्रत्येक खुणेला थोडेथोडे मोल द्यायचे आणि नव्या वासराच्या खुणांची बेरीज करायची. पण हे मोल येते कुठून? ज्या जनावरांच्या खुणाही वाचल्या आहेत आणि ज्यांचे दूध, फॅट, माज, आजार, वेतांमधले अंतरही नोंदले आहे, अशा मोठ्या संदर्भकळपातून. अमेरिकेत एकेका गाईचे दूध स्वतंत्रपणे मोजून लिहिण्याची चळवळ विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सुरू झाली. चिप आली तेव्हा शंभर वर्षांच्या वह्या तयार होत्या. आपण चिप पाहिली, वह्या पाहिल्या नाहीत.

आता कोल्हापूरच्या कसबा बावड्यात या. पंचगंगेचा काठ, राजाराम बंधारा, साखर कारखाना, हंगामात उसाचे वाडे खाऊन राहणारी जनावरे. जिल्ह्यात १९६३ पासून ‘गोकुळ’ या सहकारी दूध संघाचे जाळे आहे. गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दुधाचे माप होते, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) निघते, पावती हातात पडते. इतकी नियमित मोजणी देशात फार थोड्या ठिकाणी होत असेल. पण हे सगळे आकडे सभासद क्रमांकावर चढतात. तीन म्हशींचे दूध एका किटलीत येते आणि यंत्रात एकच आकडा उमटतो. घरी ठेवलेले दूध आणि रेडकाने प्यायलेले दूध त्यात नाहीच. कोणती म्हैस आटली, कोणती नवी व्यायली, कोणती विकली, हे त्या आकड्याला ठाऊक नाही. म्हशीच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे, सभासदाच्या नावावर दुधाची नोंद आहे आणि या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. जनुकशास्त्राला हवा असलेला दुवा नेमका इथे तुटतो. कितीही सूक्ष्म चिप तो जोडू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, संदर्भकळप दुसरीकडचा वापरू, मुऱ्हा जातीच्या म्हशींचा. तेही पटण्यासारखे नाही. होल्स्टीनच्या नोंदींवर बसवलेली समीकरणे जर्सीला नीट लागू पडत नाहीत, हा जाणकारांचा जुना अनुभव आहे. जातीजातींत खुणा आणि जनुके यांचे नाते बदलते. म्हशीचा गुणसूत्रांपर्यंत जुळवलेला पहिला संदर्भ आराखडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो ऑलिम्पिया या इटालियन म्हशीचा. त्यावरून नकाशा मिळतो, आपल्याकडच्या पंढरपुरी जातीच्या म्हशीच्या गुणांचे मोल मिळत नाही. गाईवरून म्हशीचे अनुमान काढणे तर आणखी धोक्याचे. दुधातल्या फॅटवर मोठा प्रभाव असलेला ‘डीजीएटी१’ या जनुकातला फरक २००२ मध्ये गाईंत सापडला आणि गाजला. भारतीय म्हशींत तो तपासला, तेव्हा जास्त फॅटचेच रूप सर्वांत आढळले. म्हणजे बावड्यातल्या दोन म्हशींच्या फॅटमधला फरक या जनुकावरून सांगताच येत नाही.

गुण कोणते मोजायचे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. कोल्हापूरच्या गवळ्यांनी पंढरपुरी म्हैस राखली ती केवळ ३०५ दिवसांच्या दुधासाठी नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर, रस्त्याच्या गजबजाटात ती पान्हा सोडते आणि हवी तेवढी धार देते. दिवाळीच्या पाडव्याला ती मालकाच्या मोटारसायकलीमागे धावते, इतकी ती हाकेला बांधलेली असते. हे स्वभाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडले आहेत. माझ्या दृष्टीने तीही पैदास-विद्याच आहे, तिचे आकडे तेवढे कोणी लिहिले नाहीत. जो गुण मोजला जात नाही, त्याला समीकरणात शून्य किंमत मिळते, आणि पुढच्या काही पिढ्यांत तो कोणाच्या लक्षातही न येता नाहीसा होऊ शकतो.

म्हणून गळ्यातला पट्टा ही किरकोळ खरेदीची बाब नव्हे, खरे संशोधन तिथेच आहे. परदेशी यंत्र मोकळ्या गोठ्यात फिरणाऱ्या होल्स्टीनवर बेतलेले असते. माजावर आली की ती गाय खूप चालते आणि यंत्र पावलांची वाढ पकडते. आपली म्हैस दावणीला असते. तिचा माज बऱ्याचदा मुका, तोही रात्री. होल्स्टीनसाठी ठरवलेली पावलांची मर्यादा तिला लावली, तर माज हुकतो, आणि हुकलेल्या माजाचे सुमारे तीन आठवडे भाकड खर्चात जातात. दुपारी ती नदीत बसते. पाणी २.४ गिगाहर्ट्‌झची लहर शोषून घेते आणि संदेश तुटतो. ओल्या कानात बसवलेल्या तापमापकाचा आकडा उतरतो आणि धडधाकट जनावर आजारी ठरते. तेव्हा पट्ट्याने नोंद स्वतःजवळ साठवावी, म्हैस काठावर आल्यावर पाठवावी आणि पाण्यातला काळ वेगळा ओळखावा. मोजण्यापेक्षा संदेश पाठवायला वीज जास्त लागते, म्हणून हिशेब शक्यतो पट्ट्यातच व्हावा. आपल्याकडे परवान्याविना खुला असलेला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा वारंवारता-पट्टा अशा लांब पल्ल्याच्या, थोडक्या संदेशांना योग्य आहे. खांद्यामागे गेलेल्या लांब शिंगांवरून पट्टा सरकवता येत नाही, त्याला चिखलातही उघडणारे बक्कल हवे. हे प्रश्न अभियांत्रिकीचे आहेत. १९८४ पासून बावड्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि गोठेही इथेच आहेत.

‘गवळ्याची नजर पुरते, यंत्र कशाला?’ असे म्हणणारा दुसरा पक्षही आहे. सोट, रेकणे, वैरण सोडणे यांवरून माज ओळखणारी ती नजर मला वंद्य आहे, आणि पट्ट्याला शिकवायचे ते तिच्याचकडून. गवळ्याने माज सांगितला ती वेळ आणि पट्ट्यातली हालचाल शेजारीशेजारी लिहिली, तरच आपल्या म्हशीची मर्यादा ठरेल. पण एक नजर दोनशे गोठ्यांत एकाच रात्री जागू शकत नाही, आणि माणूस गेला की ती मागे राहत नाही.

शेतकरी नोंदी देणार नाही, हा शेवटचा आक्षेप. आज त्याने त्या का द्याव्यात? आकडे वर जातात, खाली काहीच येत नाही. त्याच्याच म्हशींचा हिशेब त्याला परत मिळाला, अमुक म्हैस वैरणही फेडत नाही आणि तमुक म्हशीची रेडी राखावी असे त्याला समजले, तर तो नोंदी का दडवील? सुरुवातीला संस्थेच्या यंत्रात सभासद क्रमांकाशेजारी बिल्ला क्रमांकाचा एक रकाना वाढवावा, आणि महिन्यातून एक दिवस, दोन्ही वेळा, प्रत्येक म्हशीचे दूध वेगळ्या भांड्यात मोजावे. रेडकू त्या दिवशी किती प्यायले, तेही अंदाजाने लिहावे. चिपसाठी रक्ताचे नमुने एक वेत पूर्ण झाल्यावर घेतले तरी चालतील.