मिलिंग यंत्राचा उगम व प्रकारविकास

मिलिंग यंत्राचा जनक कोण, हा प्रश्न यांत्रिक हत्यारांच्या इतिहासात दीर्घकाळ निकालात निघाल्यासारखा मानला जात असे. अमेरिकेतील एली व्हिटनी याने १८१८ च्या सुमारास हे यंत्र निर्माण केले, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. १९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी यांनी व्हिटनीविषयीच्या आख्यायिकेची चिकित्सा केली आणि या श्रद्धेस तडा गेला. व्हिटनीने १७९८ मध्ये दहा हजार बंदुकांचा करार केला होता. तो पुरा होण्यास १८०९ साल उजाडले, आणि त्या बंदुकांचे भाग एकमेकींत सर्रास बदलता येण्याजोगे नव्हते. पुढील संशोधनाने सिमियन नॉर्थ व जॉन हॉल या शस्त्रनिर्मात्यांच्या कार्यास अधिक महत्त्व दिले. तात्पर्य, हे यंत्र एका प्रतिभावंताच्या कल्पनेतून नव्हे, तर सुट्या भागांत एकसारखेपणा आणण्याच्या गरजेतून अनेक कारखान्यांत घडत गेले.

ही गरज यंत्राच्या कार्यपद्धतीतच दिसते. लेथवर काम फिरते व हत्यार स्थिर धारेने कापते. मिलिंग यंत्रात अनेक दात्यांचा कटर फिरतो व टेबलावर जखडलेले काम त्याखालून सरकते. प्रत्येक दाता क्षणभर कापतो व मोकळा होतो. आठ दात्यांचा कटर मिनिटास ६० फेरे घेत असेल आणि दर दात्यामागे काम ०.१ मिलिमीटर सरकत असेल, तर टेबलाची गती मिनिटास ४८ मिलिमीटर ठरते. कानशीने सपाटी आणणाऱ्या कारागिराच्या हातातील अंदाज अशा रीतीने मोजता येण्याजोग्या गतीत रूपांतरित झाला.

यंत्राचे प्रकारही विशिष्ट अडचणींतूनच जन्मले. १८५५ च्या सुमारास हार्टफर्ड येथे तयार होऊ लागलेले 'लिंकन मिलर' हे आडव्या दांड्याचे, बळकट यंत्र होते. एकच काम हजारो वेळा करणे हा त्याचा गुण, तर कामाची विविधता न पेलणे ही त्याची मर्यादा. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात बंदुकीच्या भागांस भोके पाडण्यासाठी लागणाऱ्या पिळाच्या ड्रिलवरील खाचा कारागीर हाताने कानसून काढीत. ही अडचण दूर करण्यासाठी जोसेफ ब्राउन यांनी १८६२ मध्ये सार्वत्रिक मिलिंग यंत्र सिद्ध केले. त्याचे टेबल तिरपे वळविता येई व विभाजक शीर्षामुळे काम ठरावीक अंशाने फिरविता येई. आज रूढ असलेल्या विभाजक शीर्षात मुठीचे ४० फेरे झाले असता काम एकदा फिरते. म्हणून २४ दात्यांच्या चक्रासाठी दर दात्यामागे एक पूर्णांक दोन तृतीयांश फेरे द्यावे लागतात. उभ्या दांड्याचे यंत्र पृष्ठभाग व साचे कोरण्यास, तर प्लेनरसारख्या बांधणीचे यंत्र अवजड कामास सोयीचे ठरले. १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत उभ्या मिलिंग यंत्राच्या हालचाली छिद्रित पट्टीवरील अंकांनी नियंत्रित करून दाखविण्यात आल्या.

शस्त्रांपासून नागरी वस्तूंकडे झालेला या तंत्राचा प्रवास उल्लेखनीय आहे. बंदुका बनविणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याने १८७३ मध्ये टंकलेखक बनविण्याचे काम स्वीकारले. महाराष्ट्रातही याचे पडसाद आढळतात. १९५३ मध्ये अंबरनाथ येथे संरक्षण खात्याच्या छत्राखाली यंत्रांचे आद्यनमुने घडविणारा कारखाना निघाला. १९५४ मध्ये गोवंडीलगतच्या ट्रॉम्बे येथे अणुशक्ती केंद्राची स्थापना झाली. आणि गोवंडीच्या उत्तरेस विक्रोळीत आपली उद्योगनगरी वसविणाऱ्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टंकलेखक आणला. टंकलेखकातील असंख्य लहान भाग एकमेकांस अचूक जुळावेत, ही जुन्या बंदूक-कारखान्यांचीच अट होती.

व्हिटनीच्या आख्यायिकेचा उलगडा अखेर करारपत्रे व प्रत्यक्ष शिल्लक बंदुका पाहूनच झाला. गोवंडी-विक्रोळी पट्ट्याच्या उद्योगेतिहासासही हाच नियम लागू पडतो. जुने यंत्र भंगारात गेले व त्याबरोबर आराखडे आणि मागणीवह्या रद्दीत गेल्या, म्हणजे मागे केवळ संस्थापकांची चरित्रे उरतात. आणि यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या कारागिराचा वाटा इतिहासातून पुसला जातो.