कर्णाचा बाप कोण?

आपल्या बस्तीत पुराणवाचन ऐकलेल्या बायकांना ठाऊक असेल, की जैन परंपरेतला कर्ण सूर्याचा मुलगा नाही. पुन्नाट संघाच्या जिनसेनाचार्यांनी शके 705 मध्ये, म्हणजे इ. स. 783 मध्ये, हरिवंशपुराण पुरं केलं. त्यात कर्णाचा बाप पांडूच आहे. कुंतीशी लग्न होण्याआधी झालेलं हे मूल. लोकलाजेपायी ते पेटीत घालून नदीत सोडलं गेलं. पुढं दोघांचं रीतसर लग्न झालं, धर्मराज झाला, भीम झाला, अर्जुन झाला. पहिलं मूल मात्र घरी आलं नाही.

कुंतीच्या दुःखावर आपण पुष्कळ बोललो. पांडूचं काय, हे कुणी विचारत नाही. लग्न न झालेल्या बापाला ‘हे मूल माझं’ असं म्हणून पुढं येता येत होतं का? मी जुने ग्रंथ आणि नंतरचे कायदे या एका प्रश्नासाठी चाळले.

जुन्या धर्मशास्त्रात कुमारिकेच्या मुलाला ‘कानीन’ म्हणत. मनू सांगतो, तिच्याशी जो लग्न करील त्याचं ते मूल. याज्ञवल्क्य सांगतो, ते आईच्या वडिलांचं. आपल्याच भागातल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ लिहिली, तिच्यात या दोन्हींचा मेळ घातला: मुलगी बिनलग्नाची राहिली तर मूल आजोबांचं, लग्न झालं तर नवऱ्याचं. बघा, या सगळ्या वाटणीत जन्मदात्याचं नाव निव्वळ त्याच्या जन्मदातेपणामुळं कुठंच येत नाही. मूल कुणाच्या घरात मोजायचं, वारस कोण, पिंड कुणी द्यायचा, एवढाच सवाल होता.

इंग्रज आले आणि सवाल बदलला. आता मुलाला पोसायचं कुणी, हे विचारलं जाऊ लागलं. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 488 वं कलम अनौरस मुलाच्या पोटगीसाठीही बापाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करू शकत होतं. तेच पुढं 1973 च्या संहितेत 125 वं कलम झालं आणि आता 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 वं आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ कायदा अशा बापाला ओळखत होता तो पैसे देणारा म्हणून. मुलाच्या अंगावरून हात फिरवणारा म्हणून नव्हे.

दुसरीकडं 1872 च्या पुरावा कायद्यानं लग्नाभोवती भक्कम कुंपण घातलं. लग्न टिकून असताना, किंवा ते मोडल्यावर 280 दिवसांच्या आत आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना, मूल जन्मलं तर ते नवऱ्याचंच. नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच ते कुंपण मोडतं. आजच्या साक्ष अधिनियमातही हा नियम आहे. तेव्हा बाई दुसऱ्याची लग्नाची बायको असेल, तर बाहेरच्या पुरुषाला ‘मूल माझं’ म्हणणं फार कठीण. 2025 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा सांगितलं.

आपला चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं, की निराळी गोष्ट दिसते. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता तिथं 1870 पासून लागू झाली. तिच्यात बापानं आपणहून मूल आपलं म्हणून मान्य करायची रीत लिहून ठेवलेली होती: जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा नोटरीपुढच्या दस्तात. ती संहिताही उदार होती असं नाही. विवाहित माणसाच्या बाहेरच्या मुलाला तिनं दार बंद केलं होतं आणि बाप शोधून काढण्याच्या दाव्याला मोजक्याच वाटा ठेवल्या होत्या. ही शिकवण फ्रान्सची. नेपोलियनच्या 1804 च्या संहितेनं बापाचा शोध घ्यायलाच बंदी केली होती, ती तिथं 1912 मध्ये सैल झाली. पण कबूल करू इच्छिणाऱ्या बापासाठी गोव्यात निदान एक कागद होता. घाटाच्या वर तसा कागद नव्हता.

आपल्याकडं मोठा फरक पडला तो 1956 मध्ये. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा जैनांनाही लागू आहे, हे आपल्या पुष्कळ बायकांना माहीत नसतं. त्याचं 6 वं कलम वाचून मी थबकले. लग्नाच्या मुलाचा पालक आधी बाप, मग आई. बिनलग्नाच्या मुलाची पालक आधी आई, मग बाप. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कलमातल्या ‘मग’चा अर्थ केवळ ‘मेल्यानंतर’ एवढा नाही, असं ठरवलं. 2015 मध्ये त्याच न्यायालयानं एका अविवाहित ख्रिस्ती आईला, बापाचं नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालकत्व मागू दिलं. बाप पुढं आलाच, तर मुलाच्या हितासाठी हुकूम बदलता येतो, हेही तिथं म्हटलं आहे.

मग आज अशा बापानं जायचं कुठं? फॅमिली कोर्टात, आणि ते नसेल तिथं जिल्हा न्यायालयात. मूल आपलं असल्याची घोषणा मागायची आणि 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली भेटीचा हक्क. सोबत पुरावा हवा: जन्मनोंद, शाळेचा दाखला, पाठवलेले पैसे, लिहिलेली पत्रं. डीएनए तपासणी मागितली म्हणजे मिळते असं नाही. ती सरसकट द्यायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं रक्ततपासणीबाबत 1993 मध्येच बजावलं आहे. आणि बापपण सिद्ध झालं तरी शेवटी तराजूत बसतं ते मुलाचं हित. भेट ठरते ती त्याच्या वयाप्रमाणं, कधी कोर्टाच्या आवारात तासभर, कधी रविवारचा दिवस.

आमच्या मंडळात हे सांगितलं तेव्हा एक अक्का तडकून म्हणाल्या, ‘‘बाळंतपणात तोंड दाखवलं नाही, आणि आता हक्क पाहिजे होय?’’ कोपऱ्यातली एक बाई हळूच म्हणाली, ‘‘माझा मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो हो. नात चार वर्षांची झाली, मी तिला अजून पाहिलं नाही.’’ कुणीच काही बोललं नाही.

दोघींचंही खरं आहे. म्हणून बायकांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पोटगी दिली म्हणून भेट विकत मिळत नाही आणि भेट नाकारली म्हणून पोटगी बुडत नाही. पोरीच्या जिवाला धोका असेल, तर तो कोर्टापुढं मांडावा; ते ऐकलं जातं. धोका नसेल आणि फक्त राग असेल, तर तो राग मुलाच्या वाट्याला घालू नये.

मिताक्षरेपासून आजपर्यंत मूल कुणाचं, हेच विचारत आलो. मुलाला कोण हवं, हे विचारायला कायदा आत्ता कुठं शिकतोय. घरानं त्याची वाट का बघावी? कर्णाला राज्य नंतर मिळालं. आईबाप दोघंही जिवंत असताना त्याला हवं होतं ते कुणीतरी फक्त सांगायला हवं होतं.