१९३०चा मे महिना आणि एक स्पार्क प्लग

मागच्या वेळी आपण जुहूच्या मैदानापर्यंत आलो होतो. आज दोन वर्षं मागे जायचं आहे, १९३०च्या मे महिन्यात. आणि आकाशातल्या पराक्रमांपेक्षा आज मी जमिनीबद्दलच जास्त बोलणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. एकाच इंजिनाचं छोटं विमान, आणि ते इंजिन हवेत बंद पडलं, तर विमान दगडासारखं खाली येत नाही. नाक थोडं खाली धरून ते घसरत राहतं. वैमानिकाच्या हातात काही मिनिटं असतात आणि त्यात एकच गोष्ट शोधायची असते: मोकळं, सपाट रान. त्या काळातलं जिप्सी मॉथ म्हणजे लाकूड, कापड आणि चार सिलिंडरचं इंजिन. वेग ताशी साधारण १३५ किलोमीटर, आणि उतरताना तर त्याहून पुष्कळ कमी. म्हणून ते खेळाच्या मैदानावरसुद्धा उतरू शकायचं. खरा प्रश्न त्यानंतरचा होता. उतरलात, पण पुन्हा उडणार कसे?

आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधलं अंतर एकट्यानं, एका महिन्याच्या आत उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळायचं होतं. तिघं निघाले. मनमोहन सिंग पोचले खरे, पण वाटेत खाली उतरावं लागलं, वेळ गेला आणि महिन्याची मुदत हुकली. दुसरे कराचीहून निघालेले जे. आर. डी. टाटा, वय २५. तिसरा उलट दिशेनं, इंग्लंडहून आलेला ॲस्पी इंजिनिअर. वय फक्त १७!

इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. ॲस्पी तिथे अडकून पडला होता. त्याला स्पार्क प्लग हवे होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. तुमच्यापैकी ज्यांनी जुनी स्कूटर चालवलीय, डिकीत प्लगपाना ठेवलाय, त्यांना हे लगेच कळेल. प्लगवर काजळी धरली की ठिणगी नीट पडत नाही, इंजिन अडखळतं. स्कूटर रस्त्याच्या कडेला घेता येते. विमानाला कडा नसते. म्हणूनच विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो देण्याची पद्धत रूढ झाली. एक दगावला तरी दुसरा चालतो.

जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. ॲस्पी ११ मे रोजी कराचीला पोचला आणि बक्षीस त्याला मिळालं. जेआरडींचं थोडक्यात हुकलं. हा किस्सा आपण दिलदारपणाचा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. साम्राज्याच्या हवाई मार्गावरच्या तळावर उतरूनसुद्धा एक साधा सुटा भाग मिळायला समोरून प्रतिस्पर्धीच यावा लागला. इतका तो मार्ग कच्चा होता.

त्याच दिवसांत त्याच कराचीवरून एक इंग्रज तरुणी पुढे गेली. ॲमी जॉन्सन, इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी निघालेली. विमान जिप्सी मॉथच, नाव 'जेसन'. जायचं होतं अलाहाबादला, पण समोरून वारा, पेट्रोल संपत आलं आणि ती उतरली झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर. विमानाच्या पंखाला मार बसला. आता याला इंजिनाचा बिघाड म्हणता येणार नाही, पण पेट्रोल न मिळाल्यानं इंजिन बंद पडणं हे छोट्या विमानांचं आजही जुनंच दुखणं आहे, बरं का.

पुढे रंगूनजवळ इनसेनला ती तंत्रशाळेच्या मैदानावर उतरली आणि चाक खड्ड्यात गेलं. पंखा मोडला, पंखाचं कापड फाटलं. जादा पंखा तिनं विमानाला बांधून आणला होता, कारण ती नुसती वैमानिक नव्हती, तिच्याकडे ग्राउंड इंजिनिअरचा परवानाही होता. पण कापड? पहिल्या महायुद्धातलं विमानाचं उरलेलं कापड त्या भागात शर्टांसाठी वापरलं गेलं होतं. ते शर्ट उसवून पंखाला ठिगळं लावली! तंत्रशाळेतल्या लोकांनी मदत केली. २४ मे रोजी ती डार्विनला पोचली. 'जेसन' आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. इनसेनमध्ये हात लावणाऱ्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत.

म्हणून १५ ऑक्टोबर १९३२ची टपालफेरी मला या मे महिन्याशी जोडून बघावीशी वाटते. जेआरडी कराचीहून निघाले ते पुन्हा एकाच इंजिनाच्या विमानातून, पस मॉथमधून. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पण ते आले होते, विमानाच्या वेळेला तिथे हजर होते. आणि पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल व्हायचा, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागायचा.