सूत, पुठ्ठा आणि विज्ञानाचा धडा

विज्ञान हाताने शिकायचे असेल, तर हाती कोणते साहित्य पडते यावर कोणता नियम आधी उमगेल हे बरेचसे ठरते. मातीच्या गोळ्याला कितीही आकार दिले तरी वजन तेच राहते. कागदाच्या घडीतून सममिती कळते, सुतातून पीळ आणि ताण. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या बालशिक्षणात लाकडी ठोकळ्यांबरोबर कागदाच्या घड्या व पट्ट्यांचे विणकामही होते.

महाराष्ट्रात या विचाराला वेगळे वळण मिळाले ते १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर. या परिषदेतून पुढे आलेल्या गांधीजींच्या ‘नई तालीम’ शिक्षणपद्धतीत सूतकताई हा शिक्षणाचा एक मुख्य आधार झाला. टकळीची चकती फिरत का राहते, पिळाने सूत मजबूत कसे होते, हे कातता कातता शिकता येई. लांबी व वजन मोजून सुताचा नंबर काढताना गणित होई.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, शंख-शिंपले, खडे आणि पाने यांनी घेतली. वर्गीकरण, क्रम आणि निरीक्षण मुले त्यातूनच शिकली.

१९७० च्या दशकाअखेरीस अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून सांगाडे बनवले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण टिकतो; पुलाच्या रचनेचे तत्त्व बोटांनाच समजते. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हे काम वाढले.

यंत्रमागांच्या भिवंडीत असे सहज मिळणारे साहित्य म्हणजे सूत. पुठ्ठ्याला खाचा पाडून ताणा (उभे धागे) बांधला आणि बाणा (आडवा धागा) एक वर, एक खाली असा घातला की साधी वीण तयार होते. प्रत्येक ठिकाणी ताण्याच्या धाग्याच्या दोनच अवस्था असतात: वर किंवा खाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॅकार्ड यांच्या मागाने हीच निवड छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर नोंदवली आणि चार्ल्स बॅबेज यांनी ती पुठ्ठ्यांची कल्पना आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. संगणकाच्या इतिहासाचा पहिला धडा भिवंडीतल्या मुलाला मागापासूनच शिकवता येतो. त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही.