फोनो आणि लाख

चोरबाजारातून किल्लीचा फोनो आणला, सोबत सात तबकड्या. किल्ली दिली की दोन फेऱ्या घेऊन थांबायचा. कारागिराने उघडला तर स्प्रिंग धड होती, ग्रीस तेवढं वाळून डिंक झालेलं. रॉकेलने धुऊन नवं भरलं, साउंडबॉक्सचं कडक झालेलं रबर बदललं.

पेटीच्या पॉलिशला त्याने चपडा काढला तेव्हा मी थांबवलं. चपडा म्हणजे लाख. फांदीवरचे किडे स्वतःभोवती करतात तो लेप खरवडायचा, किड्यांसकट. श्रावकाला वर्ज्य पंधरा व्यापारांत लाक्षावाणिज्य आहेच. जवसाचं तेल लावलं.

सासूबाई म्हणाल्या, "आणि तबकड्या कशाच्या गं?"

शोधलं आणि गप्प झाले. एडिसनच्या १८७७ च्या फोनोवर कथलाचा वर्ख होता. बर्लिनरच्या तबकड्या आधी कडक रबराच्या, मग १८९० च्या दशकात लाखेच्या झाल्या: लाख, दगडाची भुकटी, काजळी. १९०२ मध्ये गौहर जान कोलकात्यात गायल्या, तबकड्या जर्मनीत छापून आल्या. १९०८ ला सियालदहला कारखाना निघाला. जगाला लाख मुख्यतः आपल्याच देशातून जायची. आजोबांच्या पिढीने घरात ऐकलेले बालगंधर्वही लाखेवरचेच. (आणि मी रेशीम सोडल्याचा अभिमान बाळगत होते!)

सात तबकड्या ठेवल्या. आठवी विकत घेणार नाही. पहिली लावली तेव्हा सासूबाई स्वाध्यायावरून उठल्या नाहीत, पण बराच वेळ पान उलटलं नाही.