सामानाची गाडी : जुवापासून हुकापर्यंत

शतकमहोत्सवाच्या या स्मरणिकेत विणेकरी, मृदंगाचार्य, कीर्तनाची परंपरा यांवर जाणत्या मंडळींनी लिहिले आहे. माझ्या वाट्याला सामानाच्या गाडीचा इतिहास आला, आणि तो योग्य माणसाकडेच आला. दिंडीची गाडी हाकता हाकता माझे केस पांढरे झाले. या इतिहासातली सर्वांत मोठी चूकही माझ्याच हातून घडलेली आहे.

माऊलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. आपली दिंडी सुरू झाली तेव्हा पडशी खांद्यावर आणि वळकटी पाठीवर, एवढाच बहुतेकांचा संसार. पीठ-मीठ, कढया आणि राहुट्यांसाठी मात्र बैलगाडी असे. बैलाची चाल माणसाच्या चालीएवढीच, त्यामुळे गाडी दिंडीच्या बरोबरीने चाले. चालताना कोणाला भोवळ आली तर त्याला गाडीत बसवता येई. आज मोटारी पुढे निघून तळावर जातात. ती सोबत गेली, हे कबूल केले पाहिजे.

जुने गाडीवान निघण्याआधी आखाला वंगण घालीत, कुणी तपासत, जुवाच्या शिवळा हाताने हलवून बघत. पण त्यांची खरी विद्या होती सामान भरण्यात. मागे ओझे जास्त झाले की गाडीचे तोंड वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि जोते गळ्याला आवळते. याला म्हणायचे गाडी उलार होणे. पुढे फार भरले तर गाडी धुरेवर जड होते आणि बैलांच्या माना दबतात. म्हणून गाडीवान धुरेखाली हात घालून ती जराशी उचलून पाही. हाताला थोडे वजन लागले पाहिजे, फार नाही. माझे आजोबा ओरडायचे, "उलार झाली रं, पोती म्होरं वढा!" चढावर तर ही काळजी दुप्पट. दिवे घाटात माऊलींच्या रथाला आजही जादा बैलजोड्या जुंपतात, त्यावरून त्या चढाची कल्पना यावी.

पुढे लाकडी चाकांच्या जागी रबरी टायरची गाडी आली, मग ट्रक, आणि नंतर गावच्या ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली. जू जाऊन हुक आला, शिवळेच्या जागी पिन आली. ट्रॅक्टरमध्ये ताकद एवढी की सामान कसेही भरले तरी ओढले जाई. उलार हा शब्दच आमच्या पिढीच्या तोंडून गेला.

आणि मग ते वर्ष आले. पुण्याच्या मुक्कामात ट्रॅक्टर बंद पडला. मागे हजार लिटरची टाकी बसवलेली दोनचाकी ट्रॉली होती. मी म्हणालो, पिकअपला जोडू. पण पिकअपची चौकट ट्रॅक्टरच्या हुकापेक्षा वीतभर उंच, आणि तिला पिनेची सोयही नव्हती. एका वेल्डरकडून संध्याकाळीच जोडतुकडा करून घेतला : पिकअपच्या बाजूला पट्टी, ट्रॉलीच्या बाजूला पिनेचे भोक. जोडला गेला, म्हणून आम्ही खूश. पण त्या तुकड्याने उंचीचा फरक भरून काढला नव्हता. ट्रॉलीचे तोंड सपाटीवरच वर राहिले. त्यात भाविकांनी दिलेला शिधा आम्ही मागच्या बाजूला रचला. टाकीही अर्धी भरलेली. पिनेची क्लिप सापडेना, म्हणून तार वळवली.

पहाटे दिवे घाट चढताना टाकीतले पाणी मागे धावले, ट्रॉलीचा दांडा वर उसळू लागला, तार तुटली आणि पिन उडाली. ट्रॉली मागे घसरत गेली. मागून पुढच्या तळावर निघालेल्या माळकरी बाया चालत येत होत्या. ट्रॉलीचे मागचे टोक रस्त्यावर टेकले, ते फरफटत गेले आणि कठड्याला अडले. बाया चार पावलांवर होत्या. कोणाला खरचटलेही नाही. एक म्हातारी माऊली पुढे येऊन एवढेच म्हणाली, "गाडी उलार भरलीस व्हय रं बाळा?" आजोबांचा शब्द मला पुन्हा त्या घाटात ऐकू आला. माझे पाय कापत होते.

त्या रात्री सासवडच्या तळावर दिंडीप्रमुखांनी माझ्यावर राग केला नाही. उद्यापासून काय करायचे तेवढे विचारले. तेव्हा ठरलेले नियम आजही चालतात. पाण्याची मोठी टाकी ट्रॅक्टरलाच. पिकअपला फक्त भांड्यांची हलकी ट्रॉली, तीही खाली उतरता आकार दिलेल्या, बोल्टने आवळलेल्या जोडतुकड्याने, म्हणजे दांडा जमिनीला समांतर राहतो. गाडी, तुकडा, पिन, दांडा यांत जो सर्वांत कमजोर, त्याला पेलेल तेवढेच ओझे. जड सामान चाकांच्या थोडे पुढे, आणि एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर. टाकी भरलेली तरी असावी नाही तर रिकामी, अर्धी नको. पिनेला क्लिप हवीच. शिवाय दांड्याखालून एकमेकींवरून नेलेल्या दोन साखळ्या, म्हणजे पिन गेली तरी दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो.

आता निघण्याआधी आमची पोरं दांडा हाताने उचलून बघतात. शंभर वर्षांपूर्वीचा गाडीवान हेच करत होता. आम्ही मधल्या काळात ते विसरलो आणि पुन्हा शिकलो. शिकताना कोणाचा जीव गेला नाही, ही विठुरायाची कृपा. त्या दिवशी ट्रॉलीतून पडून पोचा आलेली कढई अजून वापरात आहे. पुढच्या शंभर वर्षांत गाड्या कशा असतील कोण जाणे, पण नव्या चालकाला ती कढई दाखवूनच किल्ली द्यावी, एवढी विनंती.

राम कृष्ण हरी.